तेवीस दात

कव्हरचे बोल्ट सैल केले तसं
चेनकेसमधलं तेल पातेल्यात उतरू लागलं.
काळपट, जड, सावकाश,
चुलीवर विसरलेल्या कॉफीसारखं.
शेडमध्ये उणे एकोणतीस.
हातमोजा काढला की पाना बोटांना चिकटतो,
घातला की सर्क्लिप सुटत नाही.

वर तेवीस दातांचं चक्र, खाली चाळीसचं.
मीच बसवलं होतं मागच्या मार्चमध्ये,
तळ्यावरच्या शर्यतीसाठी.
सरळ दीड किलोमीटर, कडक बर्फ, वारा पाठीशी.
काटा एकशे साठपाशी थरथरत होता
आणि ओस्कालचा पोरगा मागे
बारीक बारीक होत ठिपका झाला.
बक्षीस मिळालं पेट्रोलचा एक डबा, भरलेला.
बाबा काही बोलले नाहीत.
डबा मात्र त्यांनीच संपवला.

यंदा नोव्हेंबरात पाऊस पडला.
बर्फावर पाऊस, आणि रात्रीत पुन्हा थंडी.
जमिनीची दातखिळी बसली.
खाली आहे तो पांढरा चारा, दगडफुलाच्या जातीचा,
वासही येतो त्यांना.
रेनडियर खूर आपटतात, नाक टेकवतात,
मग मान वर करून आमच्याकडे बघतात.
म्हणून आता पोती.
तीनशे किलो खाद्य स्लेजवर बांधायचं
आणि स्तालुवारीचा चढ चढायचा, दिवसाआड.

परवा अर्ध्या चढावर रबर जळाल्याचा वास आला.
इंजिन दात-ओठ खातंय,
ट्रॅक जागच्या जागी खड्डा उकरतोय.
बाबा उतरले, बॉनेट उघडलं,
बेल्टला उघडा तळवा लावला
आणि चटकन मागे घेतला.
"हे पळायला शिकलंय," म्हणाले.
"ओढायला नाही."

मग मी शेडच्या दारावर खडूनं मांडलं:
चाळीस भागिले तेवीस, एक पूर्णांक चौऱ्याहत्तर.
बेचाळीस भागिले एकवीस, बरोब्बर दोन.
वरचे दोन दात कमी, खालचे दोन जास्त,
बेरीज त्रेसष्टची त्रेसष्ट,
म्हणजे साखळी तीच पुरते,
एकही कडी तोडावी लागत नाही.
मला हे फारच आवडलं.
दोनदा पुसून पुन्हा लिहिलं.

"वेग किती जाईल?"
वीसएक, मी म्हटलं. तळ्यावर.
"तळ्यावर आपलं काय आहे, राव्द्ना?"

तळ्यावर माझं होतं.
मागे काहीही बांधलेलं नाही
अशी पन्नास सेकंदं होती.
हे मी म्हटलं नाही.
सर्क्लिप उडून कोपऱ्यात गेली होती,
ती शोधायला वाकले.

संध्याकाळी कुंपणात बाबांनी
म्हाताऱ्या मुझेतचा जबडा उघडून दाखवला.
चौदा हिवाळे बर्फ खरवडून
खालचे दात हिरड्यांना भिडलेत.
वर, पुढच्या बाजूला, काहीच नाही. या जनावराला ते नसतातच.
"बघ," म्हणाले, "वर शून्य, खाली आठ.
तुझ्या दारावर भागून बघ हे."
मी म्हटलं, शून्यानं भागता येत नाही.
"तरी ओढलंच ना हिनं," म्हणाले,
आणि मूठभर खाद्य कोमट पाण्यात भिजवून
तिच्या ओठांपाशी धरलं.

आज नवं तेल, नवी जोडी, जुनीच साखळी.
ताण बोटानं दाबून पाहिला,
जेवढी ढिली हवी तेवढीच ढिली.
चढाच्या पायथ्याशी थ्रॉटल दाबला
आणि मशीन उसळलं नाही,
नुसतं निघालं,
घरात कुणी झोपलेलं असताना
आपण दार ओढून घेतो तसं.
मला ते थोडं अपमानास्पद वाटलं, खरं सांगायचं तर.
अर्धा चढ गेला. खड्डा आला, मागे पडला.
पोती एकदाच कलली.

वर पोचल्यावर बाबांनी बॉनेट उघडलं,
बेल्टवर तळवा ठेवला
आणि ठेवलेलाच राहू दिला,
जरा जास्तच वेळ,
गार वाऱ्यात हात शेकत.

कळप येईपर्यंत मी खिशात हात घालून उभी होते.
खिशात तेवीस दात होते.
अंगठ्यानं एकेक मोजत होते,
सतरापाशी चुकले,
पुन्हा पहिल्यापासून धरले.