आठवी जागा

गुमीच्या कारखान्यात, तिसऱ्या ओळीत, खांबाला लागून
मी बटणं दाबायचे.
एका यंत्राला पाच बटणं, प्रत्येक पाच वेळा.
टक् वाजलं की पुढे सरकवायचं.
नुसतं दबलं तर चालायचं नाही,
आमचे ह्वांगबो साहेब म्हणायचे,
बोटाला पटून काय उपयोग, कानाला पटलं पाहिजे.

काडेपेटीहून मोठं, साबणाच्या वडीहून लहान,
आणि पोटात गाणी आठ.
आठच.
नववं हवं तर एकाला घराबाहेर काढा.

देश कर्जात बुडाला होता त्या साली.
बायका बोटांतल्या अंगठ्या काढून सरकारला देत होत्या.
माझ्या शेजारची ताक यॉन-ही
जेवणाच्या सुट्टीत वहीच्या मागल्या पानावर
आपली आठ गाणी लिहायची.
यंत्र घ्यायची ऐपत दोघींचीही नव्हती,
पण यादीला काय पैसे पडतात?
सात पक्की होती तिची.
आठव्यापाशी रोज अडायची,
लिहायची, खोडायची,
कागदाला तिथे भोक पडलं.

मग सोळा झाली. मग शंभर.
मग कुणीतरी आत फिरती तबकडी बसवली;
कानाशी धरलं की कुणी सुपात दाणे घोळवतंय असं वाटायचं,
आणि गाणी हजारांनी.
यॉन-हीने वही मिटली.
म्हणाली, आता यात निवडायचं काय?

एका वर्षी पडदाच गेला, करंगळीएवढं झालं,
पुढचं गाणं कोणतं ते त्याचं त्यालाच ठाऊक.
एका वर्षी बटणांऐवजी चाक.
चाकावर अंगठा फिरतो, दाबत नाही,
आमच्या ओळीतल्या चौघी घरी गेल्या.
मग काच आली.
काचेला टक् नसतं.
निरोपाला ह्वांगबो साहेबांनी
एकेकीच्या हातात टॉवेल ठेवला, कारखान्याचं नाव छापलेला.
नाव पुसलं गेलंय आता. टॉवेल टिकलाय.

हल्ली मी सेऊलमध्ये किंबाप वळते.
भाताचा गुंडाळा घट्ट बसायला
हाच अंगठा लागतो, तेवढं बरं.
दुकानात अर्धवेळ कामाला येते ती सेबॉम
परवा दोंगम्योच्या जुन्या बाजारातून
तसलंच एक घेऊन आली.
हौसेने सेल घातला,
बटणावरून अंगठा फिरवत राहिली, फिरवत राहिली.
मेलंय हे, म्हणाली.
मी म्हटलं, अगं, कुरवाळतेस काय? दाब.

टक्.

मग मी ते तिच्या हातातून घेतलंच.
पाच बटणं, प्रत्येक पाच वेळा.
चौथं जरा ढिलं आहे.
आमच्या ओळीतून सुटलं नसतं.

पडद्यावर उजेड आला: कुणा परक्याची सात गाणी.
एक जागा रिकामी.
यॉन-हीच्या यादीतलं त्यात एकही नव्हतं,
मी दोनदा बघितलं.

एवढीच? सेबॉम हसली.
माझ्या फोनमध्ये जगातली सगळी आहेत, काकू.
असतील, म्हटलं.
त्यातलं एक सांग. इथे घालायला.

ती तोंड उघडून थांबली.
मग छताकडे बघायला लागली.
दारात दोन गिऱ्हाइकं,
हातातला भात निवत चाललेला,
आणि ती अजून छताकडेच.