अजून

मुहर्रकमध्ये, बलदियाच्या कचेरीमागं
मुलांचं घर आहे. पाटीवर नुसतं 'घर' लिहिलंय,
कुणाचं ते नाही.
रात्रपाळीला मी. सुग्रा मुकादम, मुक्काम म्हसळा.
कार्डावर माझ्या नावाखाली कफीलचं नाव.

वदीमा आली तेव्हा चार दिवसांची होती,
दवाखान्याच्या टॉवेलात, नाळेला चिमटा तसाच.
कारकुनानं यादीतलं पुढचं नाव दिलं.
बापाच्या रकान्यात अब्दुल्ला.
"सगळ्यांच्याच?" मी विचारलं.
"अल्लाचे बंदे तर आपण सगळेच," तो म्हणाला
आणि शाई वाळेपर्यंत फुंकर मारत बसला.
वाईट माणूस नव्हता.

नियम असा, की मुलांशी अरबीच बोलायचं.
दिवसा मी पाळते.
रात्री तीनला, एसी घरघरत असताना,
हातात बाटली, डोळ्यांत झोप,
आपण कुठल्या भाषेत बोललो
ते आपल्यालाही कळत नाही.
"अजून हवं? अजून?"
बस्स मात्र दोन्हीकडे बस्सच.

अडीच वर्षांनी तिलाही कफील मिळाला.
शब्द तोच, बघा.
मला करारापुरता, तिला जन्मभराचा,
निदान कागद तसं म्हणतो.
बुदय्याचं जोडपं. बाई दोनदा बघून गेली,
तिसऱ्यांदा सँडल घेऊन आली, एक नंबर मोठे.
ते मला आवडलं.

गेल्या रविवारी ऑफिसात बोलावणं.
मी कागदांची पिशवी घेऊनच गेले.
फोनवर ती बाई: ही जेवताना अजीन मागते.
अजीन म्हणजे मळलेलं पीठ.
तीन दिवस देतेय. गोळा हातात धरते,
माझ्या तोंडाकडे बघते आणि रडते.

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं.
नियम दोघींनाही पाठ.
मी म्हटलं, पीठ नको तिला.
ताटातलं संपलंय, एवढंच सांगतेय ती.

पलीकडे शांत.
मग डावाचा पातेल्याला लागलेला आवाज,
मग लांबून, भरल्या तोंडानं:
अजून.

मॅडमनी फोन ठेवला. काही लिहिलं नाही.

आज खिडकीजवळच्या पाळण्यात नवा आहे.
कारकून रजेवर, म्हणून त्याला नाव नाही.
बाटली संपवून तो माझ्याकडे बघतो.
मी आधी दार लोटून घेते.