सारखं

नाचता येईना अंगण वाकडं,
म्हणून हसायचे आमच्याकडे.
पण हॅलिफॅक्समधल्या या घराचं अंगण खरंच वाकडं आहे.
अंगण कसलं, नऊ फरश्यांचं किचन,
टेकडीच्या उतारावर रेलून बसलेलं.
हातातून वाटाणा सुटला की थेट मागच्या दाराशी जातो
आणि तिथेच बसून राहतो.

पॅनमधल्या तेलाचंही तेच.
ओतलं मध्ये, गेलं खिडकीकडे.
चॉपची एक कड तेलात डुंबून करपते,
दुसरी राखेच्या रंगाची,
आणि हाडापाशी अजून कच्चं, गुलाबी.

गावाकडे हा प्रश्नच नव्हता.
हंडीत पाणी होतं, पाण्यात सगळे होते,
नळी, चाप, चुकून आलेला कलेजीचा तुकडा.
रस्सा कुणाला डावं-उजवं करत नाही.
इथे ज्याने त्याने आपापल्या बुडावर बसायचं,
बुडाखाली जे लागेल ते त्याचं.

ग्लेडहिल खाटीक म्हणाला,
तासभर आधी फ्रिजबाहेर काढ.
कागदाने टिपून घे, ओलं मांस भाजत नाही, नुसतं घामेजतं.
पॅनमध्ये गर्दी नको.
आणि मग हात लावू नकोस.

तेवढं सोडून सगळं जमतं मला.
एकवीस वर्षं डेपोत बसगाड्यांना हात लावूनच पोट भरलंय.
सारखं भाजायचं तर सारखं उलटू नये, हे त्याचं.
मी सारखं उलटतो,
अर्ध्या मिनिटाला एकदा,
आणि सारखं भाजलं जातं.
एकाच शब्दात आमची दोन्ही भांडणं मिटतात
हे त्याला कोणत्या तोंडाने सांगू?

चरबीची कड मात्र चिमट्यात उभी धरावी लागते,
पाय न फुटलेल्या पोराला
काखेत धरून उभं करतात तशी.

रविवारी डेपोतली लेव्हल घरी आणली.
शेगडीवर ठेवली तर बुडबुडा पळाला कोपऱ्यात.
ड्रॉवरमध्ये पुतण्याच्या लग्नाची पत्रिका होती, जाड पुठ्ठ्याची.
दोघांना एकदम रजा मिळाली नव्हती तेव्हा.
गणपतीचा कोपरा आधी फाडून घेतला,
आरशाच्या कडेला खोचला.
उरलेलं सहकुटुंब सहपरिवार
चार घड्या घालून शेगडीच्या पुढच्या पायाखाली.
बुडबुडा हलला, दोन रेघांमध्ये आला,
थांबला.

आज दोन चॉप. एक जाड, एक पातळ;
ग्लेडहिलचा हात काही मापाचा नाही.
जाड आधी टाकला, पातळ मागून.
अनसूया साडेसहाला आली केअर होममधून,
माझी रात्रपाळी सातची.
कोट अंगातच.
तिने पॅनमधल्या तुकड्यावर बोट दाबलं,
दिवसभर म्हाताऱ्यांच्या घोट्यांवरची सूज बघते तसं,
खळगा भरून येतोय का पाहिलं.
जरा थांब, म्हणाली.

थांबलो.
तेल मध्यावरच होतं, गोल,
खिडकीकडे बघतसुद्धा नव्हतं.
मग उभ्याउभ्याच खाल्लं आम्ही, एकाच ताटात,
जाड कुणाचा, पातळ कुणाचा, विचारलं नाही.
ती हाड चोखत असताना मी बुटांच्या नाड्या बांधायला वाकलो.
दाराशी वाटाणा होता,
सुरकुतलेला,
परवाचा.