किलोत जाण्याआधी

जालन्यात कुंडलिकेच्या काठी शनिवारी
जुना बाजार भरतो. मी त्याचं ॲप करतेय.

पहिल्या आठवड्यात नकाशा काढला,
एकेका दुकानाला एकेक पिन.
शमशादबी : मिक्सरची भांडी, झाकणं निराळ्या पोत्यात.
गिरजाप्पा : लहान पोरांच्या सायकली, बहुतेक एका पेडलच्या.
नळगेमामा : फक्त रिमोट.
कशाचा कुठला, त्यांनाही ठाऊक नाही.
"टीव्ही घेऊन ये, मंग बघू."

दुपारी पुन्हा गेले, तर पिनांवर कुणीच नाही.
अख्खा बाजार टाकीच्या पलीकडं.
"छाँव उदर गई," शमशादबी म्हणाली,
"तो दुकान बी उदर. तेरे फोन को इत्ता बी नै मालूम?"

आता माहीत आहे फोनला.
मी टाकीची उंची मोजून घातली, भिंतीची घातली,
निंबाची अंदाजानं, कारण तो हलतो.
पिन आता सरकतात तासातासाला, गोगलगायीसारखे.
मे महिन्यात एक दुपार अशी येते
की सावली पायाखालीच जाऊन बसते.
त्या दिवशी पिन कुठं ठेवू? गिरजाप्पांना विचारलं.
"घरी," ते म्हणाले. "त्या दिशी झोपायचं असतंय."

'अवस्था' या रकान्यात मी तीन पर्याय दिले होते :
नवं, चांगलं, बरं.
मामांनी चौथा घालायला लावला : ठोकलं की चालतं.
सगळ्यात जास्त बोटं त्याच्यावरच पडतात.

'किंमत' मात्र कुणी भरेना.
"आकडा आधीच लिवला
तर माणूस येईल कशाला?
आन आलाच तर बोलंल काय?"
तीन रात्री मी त्या चौकोनाशी भांडले.
शेवटी त्यात आकड्याऐवजी लिहिलं :
या, बसा.

साडेसहाला टेम्पो येतो.
उरलेलं लोखंड काट्यावर चढतं, किलोनं जातं,
आणि रात्री एमआयडीसीकडचं आभाळ तांबडं होतं.
हे मला रकान्यांत कुठं बसवावं कळेना.
मी एक घड्याळ लावलं प्रत्येक फोटोखाली, उलटं चालणारं.
लोकांना वाटलं, सवलत आहे.

ॲप सुरू झालं. मला वाटलं होतं
कूलर शोधतील, हेल्मेट, शिलाई मशीन.
शोधलंही. पण अकराव्या माणसानं लिहिलं :
'पेटी लोखंडी निळी. झाकणावर पांढऱ्या रंगात
कु. यमुना दगडोबा मगर, वसतिगृह, खोली ९.'
उत्तर : काही सापडलं नाही.
पुढच्या शनिवारी, पाच वाजता, पुन्हा तेच.
त्याच्या पुढच्या शनिवारीही.

म्हणून मी एक रकाना वाढवला : वस्तूवरचं नाव.
शमशादबीची नात आफरीन, सातवीतली,
रॉकेलच्या चिंधीनं गंज पुसते
आणि कढयांच्या काठांवरचे ठिपके
बोटानं जुळवत टाईप करते :
'मामाकडून.' 'कै. सखाहरी यांचे स्मरणार्थ.'
'रुखवत' मधला ख तिला अजून नीट जमत नाही.
टेम्पोवाला हॉर्न देतो. ती म्हणते, "रुको, एक नाम बाकी हय."
तो थांबतो. शिव्या देतो, पण थांबतो.

आमच्या गल्लीत नवा स्लॅब पडायचाय.
सळया उभ्या आहेत, माझ्या उंचीच्या वर.
काल जाता जाता एकीवरून बोट फिरवलं.
गुळगुळीत नव्हती. तिरप्या तिरप्या रेघा होत्या,
ओळीत, सारख्या अंतरानं.
वाचता आलं नाही.

आज शनिवार. पाच वाजता तोच शोध आला.
'काही सापडलं नाही' हे वाक्य मी काढून टाकलंय,
उत्तर आता आफरीन देते :
'निळी नाई. हिरवी हाय एक, बिननावाची,
कडी मोडकी, ठोकलं की लागते.
टाकीमागं बसलोय, सहापर्यंत सावली हाय.
बगून तर जावा.'