पातं थांबेपर्यंत

वाळूजच्या शेडमागं वीस फूट हिरवळ,
टँकरच्या पाण्यावर जगवलेली, नुसती चाचणीसाठी.
यंत्र आपलं आपण गवत कापत फिरतं.
पुढं दोन डोळे; गुडघ्याच्या वरचं सगळं दिसतं त्यांना.

झुंबरमामा डबा घेऊन आला, उकिडवा बसला.
"रांगतं लेकरू दिसंल का ह्याला?
अन् गवतात टेकलेला हात?"
उजव्या हाताची तीन बोटं त्यानं भुईला लावली.
दोन कडबाकुट्टीत गेली, पोळ्याच्या आदल्या दिवशी.
मोटर बंदच केली व्हती, म्हणतो,
पातं तेवढं फिरत व्हतं.

मी डोळे खाली आणले, जमिनीपासून चार बोटांवर.
तर गवतच आडवं यायला लागलं,
यंत्र जागचं हलेना.
पुन्हा वर. पुन्हा जरासं खाली.
कडेनं रबरी पट्टी, पात्याला ब्रेक,
उचललं की वीज तोडणारी कळ.
डब्यातल्या कणकेची नाही,
मेसमधून मागून आणलेल्या कणकेची बोटं वळली,
गवतात ठेवली.
चार कापली गेली.
पाचव्यावर नुसता ओरखडा.

मी वहीत सेकंद लिहीत होते.
मामानं ते बोट उचललं, माती झटकली,
हाताच्या रिकाम्या जागी धरून बघितलं.
"मापात हाय," म्हणाला.