ओळखीचा शब्द

जानेवारीतला कंटेनर रॉटरडॅमला पोचला
आणि तिकडून एका ओळीची तक्रार आली.
सुपरवायझर तुपेंनी ती मोठ्यानं वाचली:
ब्लूम पुसला गेलाय.

माझ्याकडे नववीतली छोटी डिक्शनरी होती,
कव्हर गेलेली, सुरुवातीची अकरा पानंही.
तिच्यात ब्लूम म्हणजे फूल, बहर, तारुण्य.
पॅकहाउसमध्ये आम्ही चौदाजणी हसलो.
द्राक्षं पाठवली, आणि हे फुलं मागतात?
हिराबाई म्हणाली, तारुण्य तर माझंही पुसलं गेलंय,
मी कुणाला मेल करू?

पुतण्या म्हणाला, काकू, फोनमध्ये असतंय की सगळं.
असतं. पण फोन लॉकरमध्ये, आणि हातात ग्लोव्हज.
शिवाय तो एकच अर्थ सांगतो आणि निघून जातो,
चालत्या मोटरसायकलवरून पत्ता सांगावा तसा.

हंगाम संपला, चैत्रात हिशेब झाला.
मोहाडीहून निमाणीला उतरले,
होळकर पुलावरून चालत रविवार कारंजा,
तिथून मेनरोडला कुलथ्यांचं दुकान.
मुलासाठी का? त्यांनी विचारलं.
मला, म्हटलं.
त्यांनी फक्त स्टूल पुढं सरकवलं.

चार डिक्शनऱ्या मांडल्या.
एकीवर सोनेरी अक्षरं.
एकीवर लिहिलेलं, पन्नास हजार शब्द,
आणि तीस दिवसांत फाडफाड बोला.
मी जाड ती उचलली, कलिंगड उचलावं तशी.

कुलथे म्हणाले, वजनावर जाऊ नका.
तुम्हाला पक्का माहीत असलेला शब्द काढा.
अनोळखी शब्दावर कुठलंही पुस्तक थाप मारतं,
ओळखीच्या शब्दावर पकडलं जातं.

मला पक्कं काय माहीत?
ग्राफ्ट.
सासऱ्यांनी बांधलेली सहाशे कलमं, माझ्या हातातली सुतळी.

पहिलीनं सांगितलं: कलम. लाच.
मी म्हटलं, लाच कुठून आली यात?
कुलथे म्हणाले, ती सगळीकडूनच येते.
आणि नुसतं कलम म्हणजे तरी कुठलं?
लेखणी, तीनशेदोन, की बागेतलं?
दुसरीनं ग्राफ्टसाठी तीन अवघड शब्द दिले.
त्यांच्याकडे गेले, तर त्यांनी परत ग्राफ्टकडे पाठवलं.
तलाठी म्हणे सर्कलकडे जा, सर्कल म्हणे तलाठ्याकडे.
तिसरीतली अक्षरं मुंगीच्या पायाएवढी.
मी पायरीवर उन्हात नेऊन बघितली,
चाळिशी लावून, काढून, परत लावून.

चौथी नुसती इंग्रजीत.
मी घाबरले. पण वाक्य सोपं होतं, अडखळत का होईना कळलं:
एका झाडाची काडी कापून
दुसऱ्या झाडात बसवतात, म्हणजे ती तिथं वाढते.
खाली एक वाक्य, त्यात कुणी तरी खरंच कलम बांधत होतं.
सासरे असते तर म्हणाले असते, सुतळीचं राहिलं लिहायचं.

मग ब्लूम काढला.
फूल होतं, बहर होता, आणि तिसऱ्या नंबरला:
काही फळांच्या सालीवर असते ती बारीक पांढरी पूड.

आमची साय.
मण्यावरची ती साय, दुधावरच्यासारखी हलकी,
बोट लागलं की जाते आणि परत येत नाही,
म्हणून घड देठाला धरायचा,
हे मी सोळा वर्षं नव्या पोरींना ओरडून सांगते.
रॉटरडॅमचा माणूस तेच ओरडत होता.

सहाशे पंच्याण्णव. कुलथ्यांनी साडेसहाशे घेतले.
पहिल्या पानावर नाव मी त्यांच्याच पेनानं घातलं,
विजया निवृत्ती गांगुर्डे,
आणि त्यांनी खोडरबर असलेली एक पेन्सिल फुकट दिली,
म्हणाले, मार्जिन रुंद आहे, बघा.

बस सुटायला वेळ होता.
पान कोपऱ्याला धरून उलटलं, घड धरावा तसं.
ब्लूमपाशी पेन्सिलीनं साय लिहिलं.
त्याच पानावर, बोटभर खाली, ब्लाउज.
हा शब्द मला आजपर्यंत आमचाच वाटायचा.
अर्थ वाचला तरी. बरोबर दिलाय का ते बघायला.