पत्रा

रशियन जीप. अठ्ठावन्न सालची.
हेरिंगची पिंपं तिकडे गेली, बदल्यात या जीपा आइसलँडला आल्या,
म्हणून स्टुर्ला म्हणायचा, हिला मासळीचाच वास येणार.
येतो. अजून येतो. हवा कोरडी असली की जास्त.

तो गेल्यावर नऊ वर्षं ती खुराड्यामागे उभी होती
समुद्राकडे तोंड करून.
ही चूक माझी.
मीठ वाऱ्याबरोबर येतं, दार ठोठावत नाही.

हिरव्या रंगाखाली फोड धरले होते.
बोट दाबलं की कुरकुर, आणि बोट आत.
दाराखालच्या पट्टीची चाळण,
तळाच्या पत्र्यातून गवत वर आलेलं,
आणि क्लचच्या पेडलला टेकून एक पिवळं फूल,
जणू तेच आता चालवणार होतं.

तपासणीचा माणूस म्हणाला, बाई, भंगारात द्या.
मी मासळीच्या कारखान्यात चाळीस वर्षं सुरी चालवली आहे.
काटा कुठे संपतो, मांस कुठे सुरू होतं
ते माझ्या अंगठ्याला विचारा.
गंजाचंही तेच.
खरवडत जायचं, खरवडत जायचं,
हाताखाली आवाज बदलला की थांबायचं.

सोबतीला दोरोता. सतरा वर्षांची,
आईबाप पोलंडचे, वेल्डिंगच्या वर्गात एकटी मुलगी.
माझ्याहून सरळ टाका घालते, आणि तसं सांगतेही.
जूनमधली रात्र, अकरा वाजले तरी शेडमध्ये ऊन,
ठिणग्या दिसतच नव्हत्या, नुसत्या चावत होत्या.

ड्रायव्हरच्या सीटखाली ती म्हणाली,
"इथे आधीच कुणीतरी ठिगळ लावलंय. कापू?"

मी चष्मा पुसला. आडवी झाले.
हातभर पत्रा, कडा हातोडीनं वाकवलेल्या,
आणि सांध्यावर ते खवले,
एकावर एक, सगळे उलट्या बाजूला कललेले.
डावखुऱ्याचे.
दर तीन बोटांवर एक अडखळ,
कांडी बदलताना तो नाक पुसतो तिथे.

या सबंध फ्योर्डमध्ये असा टाका एकाचाच.
ऑड्गेरचा.

ऑड्गेरशी आमचा अबोला बावीस वर्षांचा.
एका मेंढ्याच्या कानावरच्या खुणेवरून.
मेंढा कधीच खाऊन झाला,
खूण कुणाची होती ते आता मलाही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.
पण दुकानात तो शिरला की मी मिठाच्या पुड्या मोजते,
आणि तो खिळे.

बारा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात स्टुर्ला म्हणाला होता,
शहरात नेऊन जोडून आणली.
किती घेतले विचारलं,
तर भांडी घासायला उठला. आपण होऊन.
तेव्हाच कळायला हवं होतं.

दोघं कधी भेटले? रात्री?
काय बोलले असतील तळाशी आडवे पडून,
का एकानं नुसता दिवा धरला
आणि दुसऱ्यानं चिमटा मागितला?
आणि माझ्या समोर, रस्त्यावर, बारा मीटरवरून
दोघंही मान वळवून जायचे. माझ्यासाठी.

"कापू?" दोरोतानं पुन्हा विचारलं.
हातोडीच्या दांड्यानं ठोकून पाहिलं.
ठण्ण.
आजूबाजूचं सगळं पापुद्रे होऊन गळलेलं
आणि हा तेवढा हातभर शाबूत.
"याच्या कडेकडेनं काप," म्हटलं.

नवा पत्रा त्याच्या पत्र्याला आणून भिडवला.
तो सांधा मी घातला. वाकडा आला.
ठिगळ तसंच उघडं ठेवावं असं एक दिवस वाटलं,
मग त्यावरही लाल प्रायमर फासला.
भावनेची कदर मीठ करत नाही.

उद्या बाहेर काढायची आहे.
रस्ता एकच, त्याच्या फाटकासमोरून जातो.
हॉर्नची वायर अजून लोंबते आहे.
दोरोता विचारते, जोडू का?

मी म्हटलं, आधी ब्रेक.